कलघटगीचा रस्ता आणि गाडीचे तीन स्वभाव

आमच्या पिढीला गाडीचा एकच स्वभाव ठाऊक. अँबॅसिडर असो की फियाट, ती जशी असायची तशीच असायची. जमवून आपण घ्यायचे. आता नव्या गाड्यांत गिअरच्या दांड्याजवळ एक कळ असते : इको, सिटी, स्पोर्ट. टाटांच्या नेक्सॉनमध्ये २०१७ पासून ही तीन नावे आली आणि मध्यमवर्गीय घरांतही ओळखीची झाली. कळ फिरवली की गाडी बदलते म्हणे. पण बदलते म्हणजे नेमके काय होते?

मला ते उमजले कलघटगीच्या वाटेवर. कलघटगी धारवाड जिल्ह्यात, हुबळीच्या अलीकडे. तिथले रंगीत सागवानी पाळणे प्रसिद्ध. बहिणीच्या नातवासाठी तसा एक आणायचा होता. भाच्याची ऑटोमॅटिक गिअरची नवी पेट्रोल गाडी होती. कारवार, अंकोला करीत आम्ही अरबैल घाट चढलो. यल्लापूर, किरवत्ती मागे पडले, रान विरळ झाले, शेते दिसू लागली आणि रस्ता सरळ झाला.

"मामा, आता गंमत बघा," म्हणत भाच्याने स्पोर्ट लावला. पाय होता तिथेच होता, तरी गाडी हुंदडली. इको लावताच तीच गाडी जेवून उठल्यासारखी सुस्त झाली.

यात जादू नाही. पूर्वी अ‍ॅक्सिलरेटरला तार असे. पाय जितका दाबला तितकी कार्बोरेटरची झडप उघडे. आता पायाखाली सेन्सर असतो. तो फक्त निरोप देतो. झडप किती उघडायची ते संगणक ठरवतो. स्पोर्टमध्ये तो अर्ध्या दाबाला पाऊण समजतो, इकोमध्ये पाव. ऑटोमॅटिक गाडीत स्पोर्टला खालचा गिअर जास्त वेळ धरून ठेवला जातो, इकोला वरचा लवकर पडतो. काही गाड्यांत स्टिअरिंग जड होते, काहींत इकोवर एसीही हात आखडता घेतो. इंजिन मात्र तेच. बहुतेक गाड्यांत स्पोर्ट लावल्याने इंजिनाच्या अंगी नवी ताकद येत नाही. असलेली लवकर हाताशी येते, इतकेच.

म्हणूनच कलघटगीजवळच्या त्या सरळ रस्त्यावर इको शोभतो. पेट्रोल वाचते, आणि मागे पाळणा असेल तर धक्केही कमी बसतात. समोरच्या ट्रकला ओलांडताना घटकाभर स्पोर्ट कामाला येतो.

खरी परीक्षा परतीच्या वाटेवर. यल्लापूर सोडले की अरबैलचा उतार लागतो, वळणावळणाचा, अवजड ट्रकांनी भरलेला. गाडीत पाळण्याचे सुटे भाग, शिवाय आम्ही चौघे. भाचा इकोवरच होता. इको वरचा गिअर धरतो, त्यामुळे इंजिन गाडीला मागे ओढत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. दोन वळणांतच त्याचा पाय ब्रेकवरून निघेना. मी म्हटले, "बाबा, गिअर हाताने खाली घे." त्याने घेतला. इंजिन घुमले, गाडी आपोआप आवरली गेली, ब्रेकला उसंत मिळाली.

विजेच्या गाडीतही हे ध्यानात ठेवावे. पाय काढला की ती स्वतःच मंदावते आणि बॅटरी भरते. पण घाटमाथ्यावर बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर ही ओढ कमी मिळते.

एक गोष्ट मात्र कुठलीच कळ बदलत नाही. टायरची पकड आणि ब्रेकची मर्यादा तिन्ही मोडमध्ये तीच असते. स्पोर्ट लावून गाडी लवकर धावते, लवकर थांबत नाही. पावसाळ्यात ओल्या घाटात हे विसरणे परवडणारे नाही. ट्रक चालवणाऱ्यांचा जुना नियम आहे : ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर. कळा कितीही आल्या तरी लेकराबाळांना घेऊन घाट उतरणाऱ्याने तोच पाळावा.