दाराखालची पट्टी

मैत्रिणींनो, तव्यावरचा गंज कसा घालवावा हे आपण अशा पानांवर पुष्कळदा वाचतो. आज मी लिहिणार आहे तेही गंजाबद्दलच. पण हा गंज मोटारीचा.

आम्ही बर्मिंगहॅमला राहतो. ह्यांना जुन्या मोटारींचं भारी वेड! दोन वर्षांपूर्वी ह्यांनी एक 'एमजीबी' घेतली. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात तयार झालेली ही स्पोर्ट्स कार. आमची १९७२ची, उघड्या टपाची. लाल रंग असा चकचकीत, की शेजारणी थांबून बघत. पण दाराखालच्या पट्टीला, म्हणजे 'सिल'ला, ह्यांनी स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर तो सरळ आत गेला. वरून कीर्तन, आतून तमाशा!

दिसायला ही पट्टी साडीच्या फॉलसारखी, पण काम तिचं घराच्या तुळईचं. या गाडीला खाली वेगळा सांगाडा नसतो; पत्र्याचं अंगच सगळा भार पेलतं. त्यातून डोक्यावर टप नाही. मग पुढचा नि मागचा भाग मुख्यतः या दोन सिलच धरून ठेवतात. पत्र्याच्या थरांची ती पोकळ पेटीच. चाकांनी उडवलेला चिखल आणि हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर टाकतात ते मीठ आत साचतं, नि गंज आतून बाहेर येतो.

एका गॅरेजवाल्याने स्वस्तातला उपाय सांगितला. जुन्यावरच नवा पत्रा बसवायचा, वर रंग द्यायचा, की झालं! तपासणीचंही भय नव्हतं. चाळीस वर्षं उलटलेल्या, फारसे फेरफार न केलेल्या गाड्यांना इथे २०१८ पासून वार्षिक तपासणीची सक्ती नाही. पण मी हटून बसले. त्या गाडीत माझी बारा वर्षांची लेक बसते. सरकार बघत नसेल, तर आपण नको का बघायला?

माझ्या अर्धवेळ शिकवणीतून पुण्याच्या तिकिटांसाठी साठवलेले पैसे तिकडे वळवले. आईला फोनवर "यंदा येणं जमत नाही गं" म्हणताना मात्र घसा दाटून आला.

एक जाणता वेल्डर मिळाला. त्याने आधी मापं घेतली, दाराच्या जागेत आडवा लोखंडी टेकू जोडला. टेकू न देता कापलं तर गाडी मध्येच खचते, मग दार कधी नीट लागत नाही. एका वेळी एकच बाजू घेतली. कुजका पत्रा चांगला पत्रा लागेपर्यंत कापला, मग आतून बाहेर एकेक थर बसवला. शेवटचं वेल्डिंग करण्याआधी दार लावून फटी पाहिल्या. रंगानंतर पोकळीत मेण फवारलं, पाणी निघायची भोकं मोकळी ठेवली.

तुमच्याही घरी कुणी जुन्या गाडीवर भाळलं, तर रंगाला भुलू नका. मऊ फडक्यात गुंडाळून एक चुंबक न्या. नुसती पुट्टी भरलेल्या जागी तो चिकटत नाही. दाराची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का पाहा. आणि खाली वाकून दाराखालची पट्टी बघितल्याशिवाय पैसे मोजू देऊ नका!