कवेलूखालचा खेकडा

खेकडा पाळायचा तर त्याला खायला काय घालायचं, असं घरी येणारा प्रत्येक जण मला आधी विचारतो. माझ्या लेखी हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, त्याला लपायला काय द्यायचं. लपायला जागा मिळालेला खेकडा सुकल्या पानावरही महिनोन्महिने ठणठणीत राहतो. ती जागा नसली तर समोर मासोळीचा तुकडा ठेवला तरी तो काचेच्या कोपऱ्यात नांग्या आवळून बसतो आणि खंगत जातो.

भंडारा जिल्ह्यात खेकड्याचं कुणाला अप्रूप नाही. हा तलावांचा आणि धानाचा मुलूख. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं बांधलेले तलाव पुढं मालगुजारी तलाव म्हणून ओळखले गेले. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव राहिले. तलावाच्या पाळीखाली बांध्या, बांध्यांना धुरे, आणि धुऱ्यांच्या ओल्या मातीत खेकड्यांची बिळं. रोवणीच्या दिवसांत संध्याकाळी घरी परतणाऱ्या बाईच्या टोपलीत चार खेकडे हमखास असतात. सर्दी-पडशाला खेकड्याच्या रश्श्यासारखा उतारा नाही, असं इथं घरोघरी मानतात. अशा ठिकाणी मी खेकडा शिजवत नाही, पाळते, याचं लोकांना नवल वाटतं. वाटू दे.

मी पाळते तो हाच, बांधीतला, मातकट तपकिरी. बॅरिटेलफ्युसा या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या गटातला. या गटातली बीळ करणारी एक जात कर्नल साइक्स यांनी दख्खनेतून गोळा केलेल्या खेकड्यांवरून 1836 मध्ये शास्त्राच्या पुस्तकात गेली. 2016 मध्ये सह्याद्रीतून एकदम पाच नव्या जातींची नोंद झाली, तेव्हा त्या जांभळ्या-केशरी खेकड्यांची छायाचित्रं वर्तमानपत्रांत झळकली आणि मला दोन-तीन ठिकाणांहून विचारणा झाली, असे रंगीत मिळतील का? मिळाले तरी आणू नयेत. ते एखाद्या कड्याच्या, एखाद्या पठाराच्या आधारानं जगणारे जीव आहेत. शहरातल्या मासोळ्यांच्या दुकानांत लाल नांग्यांचे छोटे खेकडे गोड्या पाण्यातले म्हणून विकतात, तेही मी घेत नाही. ते आग्नेय आशियातल्या खारफुटीचे, त्यांना थोडं खारं पाणी लागतं. निव्वळ गोड्या पाण्यात ते काही महिने तग धरतात आणि मरतात, आणि घेणाऱ्याला वाटतं आपल्याला पाळता आलं नाही. बांधीतला खेकडा आपल्या हवेचा, आपल्या पाण्याचा. त्याला काय हवं ते धुऱ्यावर जाऊन डोळ्यांनी बघता येतं.

माझी टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. तीत एकच खेकडा. दोन ठेवले तर ज्याची कात आधी निघेल तो दुसऱ्याच्या तोंडी जातो. तळाला वैनगंगेची धुतलेली रेती, एका बाजूला चार-पाच बोटं पाणी, दुसऱ्या बाजूला चिकणमातीचा चढ, पाण्याबाहेर कोरडा होत गेलेला. खेकडा कल्ल्यांनीच श्वास घेतो, पण हे कल्ले ओले असले की हवेतलाही प्राणवायू घेतात. म्हणून त्याला पाणी आणि जमीन दोन्ही हवी. नुसत्या पाण्यानं भरलेल्या टाकीत हवेचा पंप बंद पडला की त्याचा जीव घुसमटतो, आणि आमच्याकडं उन्हाळ्यात वीज किती वेळा जाते ते सांगायला नको. चढावर मी जुन्या घराचं एक कवेलू पालथं घालते. मातीचं, अर्धगोल, आतून खरबरीत, दोन्ही तोंडं उघडी. बाजारात सिमेंटच्या गुहा मिळतात, प्लॅस्टिकच्या कवट्याही मिळतात. कवेलूच्या पासंगाला त्यातलं काही पुरत नाही. झाकण मात्र तारेच्या जाळीचं आणि वर दगड. पंपाची नळी धरून खेकडा सहज वर चढतो.

पाणी विहिरीचं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते बादलीत दिवसभर उघडं ठेवावं लागतं. शिवाय नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला मिळतं, गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात थांबतं. ते पाणी टाकीत घालायला माझं मन धजत नाही. आमच्या विहिरीचं पाणी जड, भांड्यावर पांढरा थर धरणारं. आपल्याला नकोसा वाटणारा हा चुना खेकड्याला हवा असतो, त्याचं कवच त्याच्यातूनच बनतं. मात्र हे पाणी मी पितळेच्या घागरीत भरून ठेवत नाही. भंडारा पितळेच्या भांड्यांचं गाव, घरोघरी घागरी आणि गुंड आहेत. पण पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, आणि पाण्यात उतरलेलं तांबं खेकड्याला विष. खुद्द त्याचं रक्त प्राणवायू वाहून नेतं ते तांब्याच्याच जोरावर, म्हणून ते निळसर असतं. तरीही बाहेरून आलेलं तांबं त्याच्या कल्ल्यांना सोसत नाही. मासोळ्यांच्या रोगावरची बरीच औषधं तांब्याची असतात. मासोळीला बरं करणारे चार थेंब खेकड्याला संपवतात.

आता खाण्याचं. खेकडा म्हणजे मांसाहारी, असं लोक धरून चालतात आणि रोज मासोळीचे तुकडे टाकतात. धुऱ्यावर बसून पाहिलं तर तो बहुतेक वेळ कुजकी पानं, शेवाळ, धानाची कोवळी मुळं खुडताना दिसतो. मासोळी, गांडूळ, गोगलगाय हाती लागली तर सोडत नाही, पण ती रोजची भाकर नाही. म्हणून टाकीत माझ्याकडं कायम आंब्याची आणि देशी बदामाची झडलेली, वाळलेली पानं असतात. झाडावरून तोडलेली हिरवी नाहीत, आपोआप गळलेली. ती धुऊन पाण्यात टाकायची. दोन-तीन दिवसांत ती तळाला बसतात, आठवड्यानं त्यांच्यावर बुळबुळीत थर धरतो. हा थर बुरशीचा आणि सूक्ष्म जीवांचा, आणि खेकड्याला पानापेक्षा तोच जास्त आवडतो. रात्री बॅटरीवर लाल कागद लावून पाहिलं की दिसतं, लहान नांगीनं तो पानाची कड धरतो, तोंडापाशी नेतो, तोंडावरची दोन झापडं उघडतात, आत जबडे चालतात. मोठी नांगी या कामाला येत नाही. ती गोगलगाईचा शंख फोडायला. शंखाच्या तोंडाशी नांगी लावून तो कडेकडेनं तुकडे पाडत जातो, घाई नसते. पुढचं दळण पोटात, कारण खेकड्याच्या जठरातही दात असतात.

पानांखेरीज एक दिवसाआड, दिवेलागणीनंतर, थोडंसं काही. वाफवलेल्या काकडीची चकती, पालकाचं पान, वाटाण्याचे दोन दाणे, हंगामात ताजा शिंगाडा. ढिवर बांधव तलावातून काढून आणतात तो शिंगाडा सोलून दिला तर माझा खेकडा सगळं सोडून त्याच्याकडं येतो. आठवड्यातून एखादे वेळी करंगळीच्या नखाएवढा मासोळीचा तुकडा, नाही तर मीठ पूर्ण निघेपर्यंत धुतलेला सुका झिंगा. भात, पोळी, बिस्किट कधीच नाही, पाणी एका रात्रीत नासतं. सकाळी उरलेलं चिमट्यानं काढून टाकायचं. राहिलेलं अन्न कुजून अमोनिया होतो, आणि तो पचवणारे जिवाणू रेतीत रुजायला कित्येक आठवडे घेतात. म्हणून नवीन टाकीत खेकडा सोडायची घाई करू नये आणि सफाईच्या नादात सगळी रेती एकदम धुऊ नये. भाजी बाजारातली असेल तर ती मिठाच्या पाण्यात घोळवून पुन्हा साध्या पाण्यानं धुते. फवारणीची औषधं कीटकांवर जशी चालतात तशी खेकड्यांवरही, कारण दोघांचं मूळ घराणं एकच. याच कारणानं टाकीच्या खोलीत डासांची अगरबत्ती किंवा द्रव औषधाचं यंत्र लावत नाही. पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो. आम्ही मच्छरदाणीत झोपतो.

चुन्यासाठी उकडलेल्या अंड्याचं टरफल चुरून, आणि समुद्रफेसाचा एक खडा कायम कोपऱ्यात. जडीबुटीच्या दुकानात तो मिळतो.

एवढं सगळं सांगून झालं तरी खेकडा पाळणाऱ्याची खरी कसोटी तो खात असताना लागत नाही. एक दिवस तो खाणं सोडतो. शिंगाडा ठेवला तरी येत नाही. रंग मळकट होतो, तो कवेलूखाली माती उकरून आत जातो आणि दिवसच्या दिवस दिसत नाही. इथं माणसं घाबरतात. कवेलू उचलून बघतात, काडीनं डिवचतात, पाणी बदलतात, आवडीचं खाणं नाकाशी नेतात. यातलं काहीही करू नये. त्याची कात निघायची वेळ आली आहे.

एकदा कवेलू काचेला अगदी लागून होतं, म्हणून मला हे जवळून पाहायला मिळालं. पाठीच्या कवचाची मागची कड, जिथं ते पोटाच्या पट्टीला मिळतं, तिथं एक फट उघडली. फटीतून मऊ, फिकट, ओलं अंग फुगून बाहेर येऊ लागलं. खेकडा मागच्या मागं स्वतःतून निघत होता. आधी धड, मग मागचे पाय, एकेक करून. शेवटी मोठी नांगी, त्या अरुंद सांध्यातून, आणि मला वाटलं ही आता तुटणार. तुटली नाही, मांस आकसून बारीक झालेलं होतं. मागं राहिलं ते पूर्ण खेकड्याचं कवच. डोळ्यांवरची झाकणं, कल्ल्यांचं अस्तर, जठराचे दातसुद्धा त्यात होते. शेजारी तोच जीव, मेणासारखा मऊ, पाणी शोषून मोठा होत चाललेला. या वेळी त्याला नांगी उचलता येत नाही, पळता येत नाही, मुंगीसुद्धा त्याला इजा करू शकते. पहिला प्रश्न लपण्याचा, असं मी म्हणते ते या काही दिवसांसाठी.

सोडलेलं कवच बघून कितीतरी घरांत खेकडा मेला असं समजून टाकी उपसली जाते आणि कवेलूखालचा मऊ खेकडाही कचऱ्यात जातो. मेलेल्या खेकड्याला काही तासांत घाण वास येतो, कातेला येत नाही. एवढी परीक्षा पुरे. कवच काढूही नये. चार-पाच दिवसांनी नांग्या जरा घट्ट झाल्या की तो पहिलं जेवण त्याच कवचाचं करतो, गेलेला चुना परत घेतो. तुटलेला पायही कातेसोबतच परत येतो. आधी एक छोटा कोंब, पुढच्या कातेला बारीक पाय, त्याच्या पुढच्या कातेला जवळजवळ पहिल्यासारखा. लहान खेकडे वर्षात अनेकदा कात टाकतात, वाढलेले क्वचित.

उन्हाळा हा दुसरा अवघड काळ. मे महिन्यात आमच्याकडं पारा 45 अंशांच्या पुढं जातो. शेतातला खेकडा तेव्हा बिळात ओल सापडेल तितका खोल जातो, तोंड मातीनं बुजवतो आणि पाऊस येईपर्यंत पडून राहतो. घरातल्या खेकड्याच्या अंगातही हे असतंच. मी मार्चअखेर चढाची माती वाढवून वीतभर खोल करते, पाण्याच्या भागाला तिन्ही बाजूंनी ओलं बारदान गुंडाळते आणि टाकी कूलरच्या वाऱ्यात ठेवते. पाण्यात थेट बर्फ टाकत नाही, तापमान झपाट्यानं उतरलं तर तेही त्याला बाधतं. त्याचं खाणं या दिवसांत जवळजवळ बंद होतं आणि मी आग्रह करत नाही. पानं तेवढी असतात. उन्हाळ्यात खेकडा खात नाही म्हणून काळजीनं अन्न टाकत राहिलेल्या टाक्या मी नासलेल्या पाहिल्या आहेत.

मृग लागला की तो आपण होऊन वर येतो.

पावसाळ्याच्या तोंडाशी धरलेली मादी कधी कधी अंडी घेऊन असते. तिला ओळखणं सोपं, पोटाखालची घडी रुंद आणि गोल, नराची अरुंद निमुळती. समुद्रातल्या खेकड्याची पिल्लं पाण्यात तरंगत, रूप बदलत वाढतात. आमच्या खेकड्याचं तसं नाही. अंडी मोठी, मोजकी, आणि त्यातून निघतात ती तयार खेकडीच, मोहरीपेक्षा थोडी मोठी, आठ पाय आणि दोन नांग्यांसह. ती काही दिवस आईच्या पोटघडीतच राहतात. अशी मादी मी दुसऱ्या टाकीत, अगदी उथळ पाण्यात, एकटी ठेवते. पिल्लं बाहेर पडू लागली की त्यांना वेगळं काही भरवावं लागत नाही. जुन्या पानांचा तोच बुळबुळीत थर त्यांना पुरतो, फक्त पानं भरपूर हवीत, कारण पिल्लं एकमेकांपासून लपतात. मग मोठी होऊन एकमेकांना खायच्या आत ती आणि त्यांची आई जिथून आणली तिथं परत.

ती जागा म्हणजे साकोलीकडचं माझं माहेर, भावाचं शेत. मी डबा घेऊन धुऱ्यावर गेले की तो लांबूनच ओरडतो, "ताई, धुऱ्यावर नको सोडू, बांधीचं पाणी फुटते." त्याचं म्हणणं खरं आहे. खेकड्याच्या बिळातून रात्रभर पाणी झिरपलं तर वरची बांधी कोरडी पडते आणि रोवलेलं धान सुकतं. दुसरीकडं, फवारणी वाढल्यापासून त्याच्याच धुऱ्यांवर बिळं विरळ झाली आहेत, हेही तो स्वतःच बोलून दाखवतो. आमचं ठरलं ते असं, खेकडे बोडीच्या, म्हणजे शेतातल्या लहान तळ्याच्या, काठी सोडायचे, जिथं पाळ रुंद आहे, बिळानं कुणाचं नुकसान नाही, आणि फवारा पोचत नाही. बोडीच्या त्या काठाला लागून त्यानं दोन वर्षांपासून एक पट्टा औषधाविना ठेवला आहे. मी टाकीसाठी खेकडा आणते तोही आता तिथूनच, पाऊस चांगला झाला असेल त्या वर्षी एक, नाही तर नाही.