झाकली मूठ



एक रुपयाचे नाणे घ्या. डाव्या हाताचा तळवा वर करून अंगठा आणि मधले बोट यांच्या टोकांत ते आडवे धरा. उजवा हात जवळ आणा. त्याचा अंगठा नाण्याखालून घाला आणि उरलेली बोटे नाण्यापुढे पडद्यासारखी धरा. नाणे दिसेनासे होताच डाव्या हाताची पकड सैल करा. ते त्याच हाताच्या तळव्यावर पडेल. उजव्या हाताची मात्र मूठ वळा, नाणे उचलल्यासारखी ती दूर न्या आणि तुमची नजरही तिच्यामागे जाऊ द्या. डावा हात सहज खाली सोडा. जादूगार या युक्तीला ‘फ्रेंच ड्रॉप’ म्हणतात. आरशासमोर नेटाने सराव केला, की हात वळतो.

परंतु केवळ हात वळून भागत नाही. वाक्यही वळावे लागते. ‘नाणे माझ्या उजव्या मुठीत आहे’ असे मी प्रेक्षकाला कधीच सांगत नाही. तसे सांगितले, तर तो लगेच ‘दाखवा’ म्हणेल. मी म्हणतो, ‘मुठीवर हात ठेवा. आतले नाणे गार लागते का?’ प्रेक्षक ‘हो’ म्हणो वा ‘नाही’ म्हणो, नाणे आत आहे हे त्याने मान्य केलेलेच असते. विधान नाकारले तरी जे शिल्लक राहते, त्याला भाषाविज्ञानात ‘पूर्वगृहीत’ म्हणतात. फ्रेग यांनी १८९२ मध्ये आणि स्ट्रॉसन यांनी १९५० मध्ये या प्रश्नाची तात्त्विक चर्चा केली. मी मात्र हा पाठ शिकवताना वर्षानुवर्षे खिशातले नाणे काढत आलो आहे.

एका रविवारच्या संपर्कसत्रात मी हा प्रयोग करत होतो. उजव्या मुठीवर फुंकर घालणार, तोच मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, डावा हात दाखवा.” पन्नाशी ओलांडलेल्या त्या विद्यार्थिनीची भाजीची गाडी होती. मी हात उघडला. तळव्यावर नाणे होते. वर्गात हशा पिकला. तुम्हाला कसे कळले, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, “सुट्टे पैसे घेण्यादेण्यात आयुष्य गेलं, सर. समोरचा एका हाताकडे बघायला लावतो, तेव्हा आपण दुसऱ्याकडे बघायचं.”

परतीच्या प्रवासात मला माझी आई आठवली. ती चौथीपर्यंत शिकलेली. ज्या वर्षी मी डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला, त्या वर्षी तिने एका संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता विचारले होते, “दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरू का रे?” मी हसून म्हणालो, “आता या वयात कशाला, आई?” तीही हसली आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली. तो विषय तिने पुन्हा कधी काढला नाही. आज ती नाही.

माझ्या त्या प्रश्नात एक बंद मूठ होती. शिकण्याचे एक वय असते आणि तिचे ते सरले आहे, हे मी तिला सांगितले नव्हते. तिने ते मानलेलेच आहे असे धरून बोललो होतो. मी तसे उघड म्हटले असते, तर कदाचित ती माझ्याशी भांडली असती. पूर्वगृहीतावर पदवी मिळवू पाहणाऱ्या मुलाला स्वतःच्या वाक्यातले पूर्वगृहीत दिसले नाही.

मित्रहो, हाच प्रश्न तुम्हालाही घरात, कचेरीत, शेजारी कोणी ना कोणी विचारत असेल. ‘नोकरीत बढती मिळेल’ किंवा ‘वेळ जातो’ अशी उत्तरे आपण घाईने देतो आणि न बोललेले ते गृहीतक मान्य करून बसतो. यापुढे उत्तर देण्याआधी क्षणभर थांबा. झाकली मूठ सव्वा लाखाची, अशी म्हण आहे. ती एकदा उघडायला सांगा. बहुधा ती रिकामी निघेल. नाणे दुसऱ्या हातात, तुमच्याच हातात असेल.

नाण्याचा सराव मात्र सोडू नका. घरातल्या मुलांना तो आवडेल.