ओरोसच्या गॅरेजमधलं विमान

मुंबई-गोवा रस्त्यानं कणकवली मागं टाकून कुडाळच्या दिशेनं निघालात, की मध्येच ओरोस लागतं. 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि इथल्या माळावर जिल्ह्याचं ठाणं उभं राहिलं. त्याचं नाव सिंधुदुर्गनगरी. मालवण किंवा सावंतवाडी यांच्यासारखं हे गाव आपोआप वाढलेलं नाही, बरं का! आधी नकाशा, मग रस्ते, मग कचेऱ्या आणि शेवटी माणसं. कोकण रेल्वेच्या ‘सिंधुदुर्ग’ नावाच्या स्टेशनावर उतरलात तर तुम्ही ओरोसलाच उतरता. समुद्र दिसत नाही म्हणून प्रवासी इथं थांबत नाहीत. आम्ही मात्र थांबतो, कारण आमच्या वन्संचं घर इथं आहे.

जांभ्या चिऱ्यांचं, पुढं खळं असलेलं घर. शेजारी पत्र्याचं गॅरेज. या खेपेला गेले तर गॅरेजातली गाडी बाहेर फणसाखाली उभी आणि आत जमिनीवर खडूनं काढलेली एक लांबलचक आकृती. पुढं रुंद, मागं निमुळती.

“हे काय गं, होडी करतोय की काय तुझा लेक?” मी विचारलं.

“होडी असती तर बरी!” वन्सं म्हणाल्या. “इमान करणार म्हणे. आता तूच सांग त्याला, वहिनी. तुझं ऐकेल.”

मैत्रिणींनो, तुमच्यासारखीच मीही हसले. पण भाच्यानं मला स्टुलावर बसवलं, नकाशे पसरले आणि तासाभरानं माझं हसणं थांबलं. तेव्हा ही गोष्ट खरी काय आहे ते आधी सांगते. कुणी सांगावं, उद्या तुमच्याही घरात कुणाच्या डोक्यात हे शिरायचं!

परदेशात घरी विमान बांधणाऱ्यांची काही नवलाई नाही. कपडे शिवायला जसं बेतलेलं कापड मिळतं, तसे विमानाचे बेतलेले भाग पेट्यांतून घरी येतात. त्याला ‘किट’ म्हणतात. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या व्हॅन्स या कंपनीच्या किटांवरून लोकांनी घरोघर बांधलेली हजारो छोटी विमानं आजवर उडाली आहेत. साधारणपणे आधी शेपूट करतात, मग पंख, मग धड. या धडालाच फ्यूजलाज म्हणतात. वैमानिक त्यातच बसतो, पंख आणि शेपूट त्यालाच जोडायचे आणि इंजिनही त्याच्याच नाकावर.

धड कशाचं? ॲल्युमिनियमच्या मिश्र धातूच्या पत्र्याचं, जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या, कित्येक ठिकाणी त्याहूनही पातळ! ऐकून माझ्या पोटात गोळा आला. पण तुमच्या फळीवरचा पिठाचा डबा आठवा. त्याचा पत्रा उलगडून सपाट केला तर हातानं वाकेल. तोच गोल वळवला, तळ बसवला, तोंडाला कड मुडपली, की वर पाटा ठेवलात तरी दबत नाही. विमानाचं धड असाच एक लांब डबा असतो. आत ठरावीक अंतरावर आडव्या चौकटी, त्यांना जोडणाऱ्या उभ्या पट्ट्या आणि वरून पत्रा. भार नुसता सांगाडा पेलत नाही, पत्राही पेलतो. म्हणून हा पत्रा शोभेचा नव्हे.

आणि हे सगळं एकत्र राहतं रिवेटांवर. दोन माणसं बसतील एवढ्या विमानाला दहा-पंधरा हजार रिवेट लागतात. भोक पाडायचं, त्याच्या काठाची धार घासून काढायची, पत्रा तात्पुरत्या चापांनी जागच्या जागी धरायचा (आपण टाचण्या लावतो ना, तसा) आणि मग एकेक रिवेट ठोकायचा. यातल्या पुष्कळ रिवेटांना माणसं दोन लागतात. एक बाहेरून यंत्रानं ठोकणार, दुसरं आतून लोखंडी ठोकळा टेकवून धरणार. दोघांचा मेळ बसला नाही तर रिवेट तिरका बसतो.

“आत ठोकळा धरून कोण बसणार?” मी विचारलं. भाच्यानं सूनबाईकडं पाहिलं. ती कचेरीतून नुकतीच आली होती. ती म्हणाली, “ठोकळा मी धरीन हो मामी. पण झाल्यावर त्यात बसणार कोण, ते विचारा. हे आणि आमचा मुलगा!”

खरा प्रश्न तो होता. आणि दुसरा, पैशाचा. किट, इंजिन, बोटीचं भाडं, जकात मिळून एखादं घर उभं राहील. त्यांनी घराची जुनी कौलं काढून वर स्लॅब टाकायला पैसे साठवले होते. हे पैसे त्यातच जाणार आणि तरी पुरणार नाहीत, हे न सांगताही सगळ्यांना कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी भाच्यानं आम्हा सगळ्यांना चिपीला नेलं. ही वाट तुम्हीही एकदा करा. कुडाळहून पिंगुळीला यायचं. तिथं ठाकर समाजाच्या घरात चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या पिढ्यान् पिढ्या जपल्या आहेत. परशुराम गंगावणे यांना त्याच कामासाठी 2021 साली पद्मश्री मिळाली. बाहुलीचे दोरे पाहताना भाचा म्हणाला, “मामी, विमानातही हेच. पुढच्या दांडक्यापासून शेपटीपर्यंत तारा धडातून जातात. इथं ओढलं की तिथं हलतं.” एरवी मला त्या तारांची अक्कल आली नसती. बाहुलीनं हात हलवला आणि कळलं.

पुढं पाट करत परुळ्याकडं वळायचं. माडाची आणि काजूची झाडं मागं पडतात आणि एकदम उघडा कातळाचा सडा लागतो. त्याच सड्यावर अडीच किलोमीटरची धावपट्टी आहे. 9 ऑक्टोबर 2021 रोजी या चिपीच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. कधी काळी मुंबईला जायला बोटीची वाट पाहणाऱ्या या जिल्ह्यात विमान उतरलं, तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी डोळे पुसले असतील, यात नवल नाही.

कुंपणाच्या अलीकडं उभं राहून मी भाच्याला विचारलं, “आपल्याकडं घरी असं कुणी केलंय का रे?”

केलंय. आणि तो आपला मराठी माणूस आहे. कॅप्टन अमोल यादव. कांदिवलीच्या चारकोपमध्ये, एकोणीस माणसांच्या एकत्र कुटुंबात राहणाऱ्या या वैमानिकानं घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. तेही आयतं किट न आणता, स्वतःच्या आराखड्यावरून. आधीचे दोन प्रयत्न झाल्यावर हा तिसरा. इमारतीला लिफ्ट नाही. लेथ, वेल्डिंगची यंत्रं, 180 किलोचं इंजिन, सारं अरुंद जिन्यानं वर चढवलं. फेब्रुवारी 2016 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनासाठी विमानाचे भाग सुटे करून क्रेननं खाली उतरवले आणि तिथं पुन्हा जोडले. लोकांनी डोळे भरून पाहिलं.

पण पुढचं ऐका. नोव्हेंबर 2017 मध्ये त्याची नोंदणी झाली, व्हीटी-एनएमडी या अक्षरांनी. उड्डाणाची परवानगी आली ऑक्टोबर 2019 मध्ये. धुळ्याच्या धावपट्टीवर उड्डाणाच्या चाचण्या झाल्या 2020 साली. म्हणजे गच्चीवरून उतरल्यावर चार वर्षं! आपल्याकडं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची नोंदणी आणि परवानगी असल्याशिवाय विमान उडवता येत नाही आणि चालवणाऱ्याकडंही परवाना लागतो. तसंच हवं. आकाशातून पडणारी वस्तू दुसऱ्याच्या कौलावर पडते.

“इतकी वर्षं घरच्यांनी सांभाळून घेतलं असेल ना?” सूनबाई हळूच म्हणाली. कुणी उत्तर दिलं नाही.

रात्री जेवणं झाल्यावर आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. असला कुठलाही मोठा उद्योग घरात यायचा असेल, तर तुम्हीही बसा. आमचा हिशेब असा झाला.

जागा. दोन आसनी विमानाचं धड सहा मीटरच्या आसपास. गॅरेजात मावतं. पंख वेगळे करून भिंतीशी उभे ठेवायचे आणि विमानतळावरच जोडायचे. पण दाराची रुंदी आधी मोजायची. आत बांधून झालेली वस्तू बाहेर निघाली नाही, तर भिंत फोडावी लागेल!

वेळ. दीड-दोन हजार तास. रोज दोन तास धरले तरी सुमारे अडीच वर्षं. गणपतीत आणि शिमग्यात कुणी काम करणार नाही, ती वजाबाकी वेगळी.

हवा. या जिल्ह्यात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास आणि वारा खारा. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात कोकम भिजत ठेवलं तर काय होतं, ते तुम्हाला माहीत आहेच. मीठही पत्र्याला तसंच खातं. म्हणून जोडण्याआधी प्रत्येक भागाला आतून गंजरोधक रंग आणि पावसाळ्यात ओल्या पत्र्याला हात नाही.

आणि सगळ्यात शेवटची बाब सूनबाईनं लिहायला लावली: उसवायची तयारी. तिरका बसलेला रिवेट भोक पाडून काढावा लागतो आणि नवा घालावा लागतो. वरून पत्रा बसला की तो कुणाला दिसत नाही. रात्रीचे अकरा वाजलेत, हात दुखताहेत, अशा वेळी तो काढणारा माणूस विमान करू शकतो. ‘चालतंय की’ म्हणणाऱ्यानं करू नये, मग तो कितीही हुशार असो.

मला तेव्हा किटी हॉकची आठवण झाली. राइट बंधूंचं 1903 सालचं उड्डाण सगळ्यांना माहीत असतं. पण 1900 साली विल्बर राइट त्या समुद्रकाठच्या वाळूच्या गावी पहिल्यांदा आला, तेव्हा ग्लायडरच्या पंखांचं साटिनचं कापड त्याला पुन्हा बेतून शिवावं लागलं. ते त्यानं तिथल्या टेट नावाच्या कुटुंबातल्या गृहिणीच्या शिवणयंत्रावर शिवलं. काम संपल्यावर ग्लायडर तिथंच टाकून दिलं, तर त्या बाईनं ते कापड काढून आपल्या दोन मुलींना झगे शिवले. विमानाची सुरुवातदेखील अशी घरातल्या यंत्रावर, उसवून आणि पुन्हा शिवूनच झाली आहे!

ही गोष्ट सांगितली तेव्हा वन्सं पहिल्यांदा हसल्या. मग ठरलं ते असं. स्लॅबचे पैसे स्लॅबलाच. किटवाल्या कंपन्या शिकाऊ माणसासाठी सरावाचे छोटे संच विकतात, त्यात रिवेट ठोकून एक हत्यारांची पेटी करायची असते. तो तेवढा मागवायचा. ठोकणार तो, ठोकळा धरणार ती. पेटी पाहून पुढचं बोलायचं, आणि ‘नाही’ म्हणायचा हक्क दोघांनाही.

भाच्याचा चेहरा जरा उतरला. वन्संनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “आधी ती पेटी करून दाखव मगे. इमान उडला नाय तरी पेटी माका उपयोगाक येतली.”

सकाळी निघताना गॅरेजात डोकावले. गाडी अजून फणसाखालीच होती. सूनबाई हातात टेप घेऊन दाराची रुंदी मोजत होती.