भाषेचे मार्क

नववीत असताना अकोल्याच्या एका वक्तृत्व स्पर्धेला गेले होते. विषय गाडगेबाबा. बाबा आमच्याकडचेच, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे. सरांनी लिहून दिलेलं भाषण तोंडपाठ होतं, पण माइकसमोर गेले आणि आजी सांगायची तसंच बोलत सुटले. दिवसा गाव झाडणारा माणूस रात्री कीर्तनात लोकायलेच विचारे, कर्ज काढून सण कायले करता, नवसापायी बकरं कायले कापता? मागं बसलेल्या बाया "व्हय माय" म्हणत होत्या.

नंबर आला नाही. एक परीक्षक मुद्दाम जवळ आले. "विषय आतून आलाय, पण भाषा सुधार. मले-तुले स्टेजवर चालत नाही." भाषेला वीसपैकी चार! पहिल्या आलेल्या मुलाच्या भाषणात मानवतेचा दीपस्तंभ होता, करुणेचा सागर होता. खराटा एकदाही नव्हता. गाडगेबाबा स्वतः त्या स्टेजवर उभे राहिले असते, तर त्यांना वीसपैकी किती दिले असते या लोकांनी? १९५६ साली, जाण्याच्या थोडंच आधी, वांद्र्याला पोलिसांपुढं त्यांनी केलेल्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आहे. ऐकाच. ऐन मुंबईत, आणि बोली आपली तीच. रिद्धपूरला तेराव्या शतकात 'लीळाचरित्र' झालं, तेही आमच्याच अमरावती जिल्ह्यात. आणि भाषा सुधारायची आम्ही!

येताना बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत रडत होते. शेजारची बाई म्हणाली, "काहून रडून रायली वं पोरी?" काय सांगणार?

आता अमरावतीत मीच मराठी शिकवते. पोरांना सांगते, मनातलं आधी घरी बोलता तसं लिहा, शुद्धलेखन मागून पाहू. पालकांनीही घरात पोरांचं बोलणं दुरुस्त करत बसू नये. पेपर तपासताना मात्र 'मले'खाली लाल रेघ मारते. बोर्डाचा तपासनीस काही सोडणार नाही.

मध्यंतरी वडील गेले. तेरवीला घरचे म्हणाले, दोन शब्द बोल. "माहा बाप..." एवढं म्हटलं आणि पुढं तोंडच उघडेना. मग वळले पुस्तकी मराठीकडं. "वडिलांचा स्वभाव अत्यंत कष्टाळू होता." त्यानंतर कुठं अडले नाही. ती भाषा नसती तर तिथंच कोसळले असते, हे खरंच. लोक म्हणाले, छान बोलली.

आत्यानं जेवताना विचारलं, "कोनाच्या बापाचं सांगत होती वं?"