पॅकेज सोडून मेडिकल?

आपण सगळेच मेडिकलमध्ये जातो. चिठ्ठी पुढे सरकवतो, मोबाइलवर बोलता बोलताच यूपीआय करतो, पिशवी उचलतो आणि निघतो. समोर कोण होतं, हे घरी गेल्यावर कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. डॉक्टर निवडताना आपण डिग्री वाचतो, रेटिंग बघतो, मैत्रिणीला फोन करतो. पण त्याच डॉक्टरनं लिहिलेल्या गोळ्या आपल्या हातावर ठेवणारा माणूस काय शिकलाय, हा प्रश्न कधी पडतो का? नाही ना! मलाही पडला नसता. पण गेल्या दिवाळीत काकांनी तो थेट माझ्या पुढ्यात आणून टाकला.

‘पोरी, तू डी.फार्म. करतेस का?’

बॅकग्राऊंड सांगते. माझं वय २७. घर इगतपुरीला, नोकरी ठाण्यात. बी.एस्सी. केमिस्ट्री केलं आणि एका इन्शुरन्स कंपनीच्या बॅक ऑफिसात मेडिक्लेमच्या फायली तपासायला बसले. एसी ऑफिस, शनिवार-रविवार सुट्टी, दरवर्षी थोडीफार इन्क्रिमेंट. शुक्रवारी संध्याकाळी कल्याणला पंचवटी पकडायची, घाट चढला की खिडकीतून गार वारा यायला लागतो, आणि दोन दिवस आईच्या हातचं खायचं. तक्रार करावी असं काहीच नव्हतं.

काकांचं मेडिकल आमच्या इगतपुरीच्या बाजारात आहे. काका स्वतः रजिस्टर्ड फार्मासिस्ट. आता वय ६६, एका डोळ्याचं मोतिबिंदूचं ऑपरेशन झालंय, गुडघे बोलायला लागलेत. चुलतभाऊ पुण्यात आयटीत, तो परत येणार नाही हे घरात सगळ्यांना माहितीय. आणि दुकानाचा सगळा डोलारा उभा आहे तो काकांच्या त्या एका रजिस्ट्रेशनवर. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यायचं, असा नियम आहे. फार्मासिस्ट नाही, तर मेडिकल नाही. साधं गणित.

माझी पहिली रिअॅक्शन? हसले. दुसरी? रविवारी रात्री झोप लागली नाही.

छोटा कोर्स म्हणे!

माझी एक मावसबहीण न्यू जर्सीत असते. तिला फोन केला तर म्हणाली, ‘अगं, म्हणजे फार्मसी टेक्निशियन ना? इथे बऱ्याच मुली करतात. कोर्स छोटा असतो.’ मग तिनं तिकडची सिस्टिम समजावली. टेक्निशियन गोळ्या मोजतो, लेबल लावतो, बिल आणि इन्शुरन्स बघतो. पण शेवटची नजर टाकतो तो फार्मासिस्ट, आणि त्यासाठी तिकडे फार्म.डी. ही डॉक्टरेट लागते. टेक्निशियनच्या डोक्यावर कायम कुणीतरी असतं.

मी इथली माहिती काढायला लागले आणि चाटच पडले. आपल्याकडे रजिस्ट्रेशनच्या दृष्टीनं ही मधली पायरीच नाही! एक तर तुम्ही रजिस्टर्ड फार्मासिस्ट, नाही तर दुकानातला मदतनीस पोरगा. आणि बारावीनंतर दोन वर्षांचा डिप्लोमा केलेल्या माणसालाही आपला कायदा थेट शेवटची नजर टाकणाऱ्याच्या खुर्चीत बसवतो. नातेवाईक ज्याला ‘छोटा कोर्स’ म्हणतात, तो केल्यावर तुमच्या मागे तपासणारं कुणी उरत नाही.

याला इतिहासही आहे. आजीच्या काळात डॉक्टरकडे कंपाउंडर असायचे. लाल मिक्श्चरची बाटली, बाजूला कागदाची पट्टी, पट्टीला कात्रीनं कापलेल्या डोसाच्या खुणा! बरेचजण हे काम बघूनबघूनच शिकायचे. १९३२ साली महादेव लाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विद्यापीठात फार्मसीचं शिक्षण सुरू केलं, आणि १९४८ मध्ये फार्मसी अॅक्ट आला. त्या कायद्यानं पहिलं रजिस्टर तयार करताना किमान पाच वर्षं कंपाउंडिंग केलेल्यांनाही नाव नोंदवायची संधी दिली. म्हणजे तेव्हा अनुभव चालायचा. आज चालत नाही. मी आठवीत असल्यापासून सुट्टीत काकांच्या दुकानात रॅक लावतेय, एक्स्पायरी वेगळी काढतेय, बिलं करतेय. त्याची किंमत? शून्य!

बारावीची मार्कशीट शोधा

तर कागदावर मामला असा. बारावी सायन्स, फिजिक्स-केमिस्ट्री आणि सोबत बायॉलॉजी किंवा मॅथ्स. अॅडमिशन बारावीच्या मार्कांवर. बी.एस्सी. बिएस्सी. कुणी विचारत नाही. २७व्या वर्षी आईच्या कपाटातून बारावीची मार्कशीट शोधताना मला फार मजेशीर वाटत होतं.

दोन वर्षं फुलटाइम. पत्राद्वारे नाही, वीकेण्ड बॅच नाही, हजेरी ७५ टक्के. पहिल्या वर्षी फार्मास्युटिक्स, केमिस्ट्री, अॅनाटॉमी वगैरे. दुसऱ्या वर्षी फार्माकॉलॉजी, कम्युनिटी फार्मसी, कायदा आणि एथिक्स. वर ५०० तासांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग. २०२२ साली एक्झिट एक्झामचेही नियम आले, म्हणजे नुसता डिप्लोमा नाचवून भागायचं नाही. दिलासा एवढाच की पुढे वाटलं तर बी.फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं.

थोडक्यात, दोन वर्षं पगार बंद. बाहेर पडेन तेव्हा मी एकोणतिशी ओलांडलेली असेन. आईचा पहिला प्रश्न लग्नाचा होता, हे वेगळं सांगायला नकोच.

बरं, पैशाचं काय? इथं मी स्वतःला फसवायचं नाही असं ठरवलं आणि एक्सेल शीट उघडली (बॅक ऑफिसची सवय!). महाराष्ट्रात फार्मसीची कॉलेजं भरमसाट. पाच वर्षं नवी कॉलेजं नकोत असं फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियानं ठरवलं होतं, पण ती बंदी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टातही टिकली नाही. डिप्लोमाधारक जास्त, म्हणून पगार कमी. दुसऱ्याच्या दुकानात नोकरी धरली तर मी आज कमावते त्याहून कमीच मिळतील.

स्वतःचं दुकान? तिथंही बहार नाही. सरकारनं किंमत बांधून दिलेल्या औषधांच्या हिशोबात, २०१३च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे, दुकानदाराचं मार्जिन १६ टक्के धरलंय. त्यातून भाडं, लाइट बिल, पोऱ्याचा पगार. आणि मोबाइल अॅपवाले डिस्काऊंटची आतषबाजी करतात. नेटमेड्स २०२० मध्ये रिलायन्सनं घेतली, वन एमजी २०२१ मध्ये टाटांनी. त्यांच्यासमोर इगतपुरीच्या बाजारातलं आमचं दुकान म्हणजे काय, तुम्हीच सांगा.

एक्सेल शीटचं उत्तर स्वच्छ होतं. नको.

शॉर्टकट आहे की!

याच दिवसांत एका हितचिंतकानं आयडिया दिली. ‘कॉलेजला कशाला जातेस? अमुक ठिकाणी फी भरायची, परीक्षेपुरतं जायचं, नोकरी चालू ठेवायची.’ दुसऱ्यानं त्याहून सोपं सांगितलं. ‘कुणाचं तरी सर्टिफिकेट भाड्यानं घ्या आणि भिंतीवर लावा. महिन्याला पैसे दिले की झालं. सगळे करतात.’

सगळे करतात की नाही, मला माहीत नाही. पण ही गोष्ट नवी नाही, हे काकांनी सांगितलं. २०१२-१३च्या सुमाराला महेश झगडे एफडीएचे आयुक्त होते. दुकानात फार्मासिस्ट प्रत्यक्ष हजर हवाच, असा त्यांनी आग्रह धरला, तेव्हा राज्यभरातले केमिस्ट खवळले होते, बंदची भाषा झाली होती. काकांचे व्यापारी मित्रही चिडले होते. काका मात्र एवढंच म्हणाले, ‘सर्टिफिकेटला डोळे नसतात ना, बाळा. भिंतीवरचं सर्टिफिकेट चिठ्ठी कशी वाचणार?’

हे वाक्य मला तेव्हा नुसतं छान वाटलं. त्याचा अर्थ कळला तो फेब्रुवारीतल्या एका रविवारी.

जवळच्या पाड्यावरून एक आजी आल्या होत्या. हातात दोन चिठ्ठ्या. एक नाशिकच्या हॉस्पिटलची, दुसरी गावाजवळच्या डॉक्टरांची. चक्कर येते म्हणून त्या दुसरीकडे गेल्या होत्या. दुकानातला पोरगा एकदम चपळ, कुठलं औषध कुठल्या खणात हे त्याला झोपेतही सांगता येईल. त्यानं पटापट दोन्ही चिठ्ठ्यांची औषधं काउंटरवर मांडली. दोन वेगळी नावं, दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळ्या रंगांच्या स्ट्रिप. काकांनी चष्मा वर केला, एक-एक स्ट्रिप उलटी करून बघितली आणि एक बाजूला ठेवली. दोन्हीत टेल्मिसार्टनच होतं! ब्लडप्रेशरचं तेच औषध, डबल.

काकांनी डॉक्टरांना फोन लावला, दोन मिनिटं बोलले, एक गोळी रद्द झाली. मग आजींना बाकावर बसवून म्हणाले, ‘मावशी, ही एकच घ्यायची. सकाळी. घरी आधीची जी पांढरी गोळी आहे ती आणि ही सारखीच, दोन्ही नाय घ्यायच्या. कळलं? मला सांगा बरं परत, कशी घेणार?’ आजींनी परत सांगितलं. बिल कमी झालं. म्हणजे चार मिनिटं घालवून काकांनी स्वतःचा धंदा कमी केला!

माझ्या ऑफिसात रोज मेडिक्लेमच्या फायली येतात. अॅडमिट झालेल्या माणसांच्या. त्या टेबलापर्यंत आलेला माणूस आधीच आजारी पडून, खर्च करून मोकळा झालेला असतो. मी फक्त बघते की बिल बसतं का नाही. काकांच्या काउंटरवर गोष्ट घडायच्या आधी थांबवता येते. आणि ती थांबली, याची नोंद कुठंच होत नाही. आजींनाही त्यात काही विशेष वाटलं नसेल.

मग मी काकांच्या कामाकडे नीट बघायला लागले. काका स्ट्रिप कापताना बॅच नंबर आणि एक्स्पायरी छापलेला भाग शेवटपर्यंत राखतात. सर्दीच्या गोळीसोबत कुणी तापाची मागितली की सांगतात, सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल आहे, दोन्ही मिळून डोस मोजा. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट गेली की ती कधी येईल याचा भरवसा नसतो, तेव्हा ते आधी धावतात फ्रीजकडे, कारण इन्सुलिन २ ते ८ डिग्रीतच राहायला हवं. शेड्यूल एच-वन २०१४ पासून लागू झालं. त्यातली अँटिबायोटिक्स, झोपेच्या गोळ्या, टीबीची औषधं यांचं वेगळं रजिस्टर ते स्वतःच्या हातानं लिहितात. टीबीच्या पेशंटची माहिती सरकारला कळवणं २०१८ पासून केमिस्टवरही बंधनकारक आहे, तेही करतात. यातलं कुठलं काम अॅप करणार? करेलही काही. पण पाड्यावरच्या आजींना ‘मला परत सांगा’ कोण म्हणणार?

बाबांचं मत

बाबा रेल्वेतून रिटायर झालेत. जास्त बोलत नाहीत. कसाऱ्याहून घाट चढताना गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात, इगतपुरीला आली की काढतात, हे आमच्या गावात शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. बाबा म्हणाले, ‘मुंबईहून आलेल्या पॅसेंजरला बँकर लागला होता हे माहीतसुद्धा नसतं. पण तो नसेल तर गाडी घाटात उभी राहील. तुला नाव पाहिजे का काम पाहिजे, तेवढं ठरव.’

मला दोन्ही पाहिजे, खरं सांगायचं तर! आपली पिढी अशीच आहे. पण दोन्ही एकदम मिळत नसेल तर? सहा महिने याच प्रश्नाभोवती फिरले आणि शेवटी ठरवलं. यंदा फॉर्म भरतेय.

डोळे झाकून नाही हं. दोन वर्षांच्या खर्चाइतकी एफडी बाजूला आहे. रोज वर्ग भरणारं कॉलेजच घेणार. ट्रेनिंगचे तास शक्यतो काकांकडे नाही, हॉस्पिटलच्या फार्मसीत करायचे, म्हणजे घरची मुलगी म्हणून सवलत मिळायला नको. आणि दुकान चालेलच असं मी गृहीत धरलेलं नाही. नाही चाललं, तर रजिस्ट्रेशन माझ्या नावावर असेल, दुकानाच्या नाही. बी.फार्म.चं दार उघडं आहेच. काकांना हे सगळं सांगितलं तर म्हणाले, ‘दुकानासाठी करू नकोस, हेच मला म्हणायचं होतं.’

तुमच्यापैकी कुणी असाच विचार करत असेल, ‘बारावीनंतर राहून गेलं, आता करू का?’ तर फुकटचा सल्ला देते. एक्सेल शीट जरूर बनवा. पण त्याआधी एखाद्या चांगल्या फार्मासिस्टच्या काउंटरमागे चार रविवार काढा. फक्त बघा. चौथ्या रविवारी कंटाळा आला, तर तुमचं पॅकेज जिंदाबाद! आणि विचार नसेल करत, तर निदान पुढच्या वेळी मेडिकलमध्ये मोबाइल खिशात ठेवा आणि विचारा, ‘इथले फार्मासिस्ट कोण?’ चांगल्या दुकानात या प्रश्नाचा कुणाला राग येत नाही.

परवा ऑफिसात राजीनाम्याची बातमी फुटली. शेजारच्या डेस्कवरची मैत्रीण डोळे मोठे करून म्हणाली, ‘वेडी आहेस का? एवढं सगळं सोडून दुकानात बसणार?’

म्हटलं, ‘बसणार कुठली! काउंटरमागे दिवसभर उभं राहावं लागतं, बाई.’