अंगणातील वादळ

‘स्टॉर्म’ म्हणजे वादळ. गोव्यात तयार होऊन १९९८ च्या सुमारास बाजारात आलेली ‘सॅन स्टॉर्म’ ही दोन आसनांची, टप उघडणारी मोटार आता निघत नाही. असे एखादे जुने वादळ पिंपरीतील अंगणात येऊन विसावते, तेव्हा मालकाला प्रथम घाई होते ती रंगाची. पण तिचे कवच काचतंतूंचे, म्हणजे फायबरचे. त्याला गंज चढत नाही. चढतो तो खालच्या पोलादी सांगाड्याला, आणि चकचकीत कवच तो झाकून ठेवते! दिव्यांचा प्रकार आणखी गमतीचा. पत्र्याच्या मोटारीत विजेला परतीची वाट पत्र्यातूनच मिळते. फायबरमधून वीज वाहत नाही; म्हणून येथे दिव्यांना परतीची वेगळी तार लागते. तिचे टोक गंजले की दिवा मिणमिणतो, आणि नवशिका बिचारा नवनवे दिवे आणीत राहतो.

ब्रेकच्या जुन्या रबरी नळ्या जपण्यात पुरुषार्थ नाही. त्या नव्याच घालाव्यात. परंतु बाजारात न मिळणाऱ्या बुशाचे काय? १९६६ साली टेल्को ज्या परिसरात आली, तेथे लेथवर हात बसलेल्या कारागिरांची वाण नाही. जाणता कारागीर झिजलेल्या बुशावर विसंबत नाही. तो ज्या भोकात बसतो, त्या भोकाचे माप घेतो. नवा बुश चपखल बसला, की मग खुशाल रंगाचा डबा उघडावा.